रेखाताईंनी बसून ऐकलेलं गाणं

लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या आमच्या मराठी मंडळाचा एकही कार्यक्रम रेखाताई सामंतांशिवाय होत नसे, आणि रेखाताईंनी त्यातला एकही धड पाहिलेला नव्हता. त्यांचे यजमान शशिकांत मंडळाचे सेक्रेटरी, म्हणून ते माइकपाशी. रेखाताई हॉलच्या मागच्या किचनमध्ये. सव्वाशे माणसांचे बटाटेवडे, दोनदा चहा, मग भांडी. गाणं त्यांच्या कानावर यायचं ते तुकड्यातुकड्यांनी. मुखडा ऐकू आला की तेल तापायचं, अंतरा सुरू झाला की कुणीतरी चटणी मागायला यायचं. पण त्यांची तक्रार नव्हती. दिवसभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात फायली शोधणाऱ्या बाईला, माणसं पोटभर जेवताना पाहिली की बरं वाटायचं.

२००५च्या मार्चमध्ये सुनीतीचा फोन आला. सुनीती त्यांची जुनी मैत्रीण, भूल देणारी डॉक्टर. पूर्वी दोघी एकाच हॉस्पिटलात होत्या, आता ती हॅरोला राहायची.

"रेखा, मेच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत स्पेनला चल. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सच्या आईचं घर आहे, सेव्हिलच्या वरच्या डोंगरात. शनिवारी गावात गाणंबजावणं, रविवारी रानात भटकायचं."

"अगं, त्या शनिवारी महाराष्ट्र दिनाचा प्रोग्रॅम आहे."

"दरवर्षीच असतो," सुनीती म्हणाली.

रात्री जेवताना रेखाताईंनी विषय काढला. शशिकांतरावांचा घास हातातच राहिला. "आणि वडे?"

 रेखाताईंनी त्यांच्या ताटात कोशिंबीर वाढली. मग शशिकांतरावच म्हणाले, "तू कधी गेलीयस का गं कुठे एकटी?"

"नाही हो."

"मग जा. आम्ही बघू."

शुक्रवारी संध्याकाळी दोघी सेव्हिलला उतरल्या आणि टॅक्सीने डोंगरात गेल्या. घरमालकीण एन्कार्ना पंचाहत्तरीची, काळ्या स्कर्टातली, ठेंगणी आणि खणखणीत आवाजाची. सुनीतीला मोडकंतोडकं स्पॅनिश येत होतं. रेखाताईंना एक अक्षर येत नव्हतं, पण स्वयंपाकघरात शिरून त्यांनी बटाट्यांकडे बोट केलं, सुरी मागितली आणि सोलायला बसल्या. एन्कार्नाने हसून मान डोलावली. तिथपासून दोघींचं जमलं.

शनिवारी दुपारी बाराला गावच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. ऊन असं स्वच्छ की इल्फर्डहून आलेल्या माणसाने डोळे चोळावेत. दोन गिटारवाले, लाकडी पेटीवर बसून तिलाच बडवणारा एक तरुण, आणि गाणारा साठीचा गृहस्थ, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. गाणं सुरू व्हायच्या आधीच रेखाताईंना शेजारच्या टेबलावरच्या रिकाम्या बशा दिसल्या. त्या उठल्या. चार बशा एकावर एक रचल्या, ग्लास गोळा करायला लागल्या.

एन्कार्नाने त्यांचं मनगट धरलं. बशा काढून टेबलावर ठेवल्या आणि खांद्यावर दाब देऊन त्यांना खुर्चीत बसवलं. वर काहीतरी ठणकावलं.

"काय म्हणाल्या गं?" रेखाताईंनी विचारलं.

"म्हणाल्या, बशा कुठे पळून जात नाहीत. गाणं पळून जातं."

रेखाताई बसल्या. पहिली दोन मिनिटं हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी पर्स मांडीवर घट्ट धरली. गृहस्थाने एक लांब स्वर लावला, तो खरखरीत होता, मध्येच फाटला, पण त्याने तो सोडला नाही. बायका टाळ्या वाजवू लागल्या, नेमक्या कुठे पडतात ते रेखाताईंना आधी समजेना, मग समजलं, मग एकदा चुकलं. शब्द कळत नव्हते. पण सूर कुठून निघाला, कुठे रेंगाळला, परत कसा आला हे सगळं त्या पाहत होत्या, आणि गाणं संपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अथपासून इतिपर्यंत एक गाणं आपण कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही.

"रडतेयस की काय?" सुनीतीने विचारलं.

"छे गं. ऊन आहे."

दोन तास त्या उठल्या नाहीत. पर्समधला मोबाइल वाजला तेव्हा गाण्यांमध्ये थोडी विश्रांती होती, म्हणून त्यांनी घेतला.

"चहाचं मोठं गाळणं कुठे ठेवलंयस?" शशिकांतराव.

"सिंकखालच्या निळ्या टबात. अहो, ठेवते हं, पुन्हा सुरू होतंय."

रविवारी एन्कार्नाचा पुतण्या त्यांना रानात सोडून गेला. चढउताराची पायवाट, दोन्हीकडे बुचाची झाडं, ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात ती. साल काढलेले बुंधे तांबडेलाल, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा. ज्या वर्षी साल काढली ते वर्ष. "चार म्हणजे गेल्या वर्षीचं," सुनीतीने सांगितलं. "आता नऊ वर्षं याला हात लावणार नाहीत." रेखाताईंनी उघड्या बुंध्यावर तळवा टेकवला. तो उन्हाने कोमट झाला होता. ओढ्याकाठी दोघींनी पाव, चीज आणि संत्री खाल्ली, बूट काढून पाण्यात पाय सोडले आणि गुडघेदुखीपासून सुनांपर्यंत सगळ्या गप्पा मारल्या. तासभर काहीच केलं नाही. हेही रेखाताईंना नवीन होतं.

सोमवारी स्टॅनस्टेड विमानतळावर शशिकांतराव गाडी घेऊन आले होते. बाहेर भुरभुर पाऊस.

"वड्यांचं काय केलंत?"

"वेम्बलीहून मागवले. सगळे संपले," ते म्हणाले आणि गाडीत बसता बसता पुढे बोलले, "तुझ्यासारखे नव्हते म्हणा."

"नसूदेत," रेखाताई म्हणाल्या आणि सीट बेल्ट लावला.

दिवाळीला वडे पुन्हा त्यांनीच केले, पण दुपारीच तळून ठेवले, आणि गाण्याच्या वेळी दुसऱ्या रांगेत बसल्या. पुढे आठवड्यातले कामाचे दिवस कमी केल्यावर त्या बुधवारी ट्रेनने लंडनमध्ये जाऊ लागल्या. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये दुपारी तासभर फुकट वादन असतं. चेलो, पियानो, कधी नुसती बासरी. जे असेल ते. एकदा शशिकांतराव बरोबर आले. दहाव्या मिनिटाला त्यांना डुलकी लागली. रेखाताईंनी त्यांची टोपी घसरू नये म्हणून हळूच काढून मांडीवर घेतली, आणि पुढे ऐकत राहिल्या.