ढोलकी चढत गेली, कान उतरत गेले

"अंकल, नस खराब हो चुकी है. जो गया, वो वापस नहीं आएगा." डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीएवढी, पण बोलली सरळ. मला बरं वाटलं. माझ्या बायकोच्या, कुसुमच्या आजारात गोल गोल बोलणारे फार भेटले होते.

आजाराचं नाव नॉइज इंड्यूस्ड हिअरिंग लॉस. म्हणजे मोठ्या आवाजानं कान जाणं. कानाच्या आत बारीक केसांसारखं काही असतं म्हणे. आवाजाच्या माऱ्यानं ते आडवं होतं. गवतावरून रोज ट्रक नेला तर गवत उठेल का? तसंच.

मी सातवी पास. दिल्लीत सरकारी कचेरीत चपराशी होतो, राहायला सरोजिनी नगरचं क्वार्टर. आधी ढोलकी वाजवायचो ती मराठी मंडळाच्या भजनात. मग देशाचा बाजार खुला झाला, पैसा आला, गुडगावकडं फार्महाऊसं झाली, लग्नांत ऑर्केस्ट्रा आला. माणसाहून उंच स्पीकर, आणि ढोलकीवाल्याची जागा नेमकी त्याच्या तोंडाशी. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजायची. आम्ही म्हणायचो, आज प्रोग्राम रंगला. पोरांनो, ती शिट्टी म्हणजे कानाची बोंब असते. तेव्हाच शहाणे व्हा.

कान गेल्याचं मात्र मला पहिल्यांदा ढोलकीत दिसलं. कुसुम गेली आणि माझ्या पुड्या, म्हणजे ढोलकीच्या तोंडावरची बकऱ्याची कातडी, फाटायला लागल्या. बारीक आवाजाच्या बाजूच्या, एकामागून एक. मी पुडीवाल्याला झापलं, "बकरा बदल दिया क्या?"

तो म्हणाला, "बकरा वही है चाचा, आप कसते ज़्यादा हो."

खरं होतं. बारीक बाजूचा टणत्कार मला ऐकूच येईना, म्हणून मी कसत जायचो. पूर्वी मी सूर लावायला बसलो की कुसुम स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, चढलीय! उतरवा!" आता ओरडणारं कुणी नव्हतं.

मुलीनं, शोभानं, दवाखान्यात नेलं. बाकावर शेजारी एक बँडवाला. तोही बहिरा. आमच्या गप्पा अख्ख्या लाइनीनं ऐकल्या.

ऑडिओमेट्री नावाची टेस्ट असते. बंद खोलीत कानावर हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी भराभर दाबत सुटलो. डॉक्टरीणबाई हसली, "अंकल, मैंने तो अभी शुरू ही नहीं किया." माझ्याच कानातली शिट्टी होती ती. तिला टिनिटस म्हणतात. बाहेर काही नसताना कानात वाजणं.

मी एकच विचारलं, "बजा सकता हूँ?" कुसुमचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. ती सांगून गेली होती, "रडारड नको. भजन ठेवा, आणि ढोलकी तुम्हीच वाजवा."

"बजाइए. लेकिन स्पीकर से दूर, कान में प्लग लगाकर, बीच-बीच में आराम देकर. रुई से काम नहीं चलेगा." उरलेले कान तरी राखा, म्हणाली.

वाजवायची परवानगी मिळाली. पण सूर कोण लावणार? त्यावर गोळी नाही.

भजन शोभाच्या गुडगावच्या फ्लॅटमध्ये होतं. मंडळाच्या जोशांनी स्पीकर आणलेला. मी पिन काढली.

"अहो दादा, मागच्यांना ऐकू कसं जाणार?"

"पुढं सरका म्हणावं. घर आहे, मैदान नाही."

मी पुडीवर बोट मारलं. काही कळेना. कसली. अजून कसली. कुसुमच्या फोटोकडं बघवेना. आज हिच्यासमोर पुडी फाटणार, असं वाटलं.

"बाबा, बस! किती हाय करताय यार! नीचे घ्या!"

स्वयंपाकघराच्या दारात शोभा उभी, हाताला कणीक. दिल्लीत वाढलेली पोर, ढोलकीला कधी हात लावला नाही. पण आईचं ओरडणं ऐकत मोठी झालेली.

मी उतरवत गेलो, ती मान हलवत गेली. मग म्हणाली, "हां, आईवाला सूर."

मी कानांत प्लग घातले आणि पहिली थाप दिली. आरतीपर्यंत पुडी टिकली.