पिठल्याची प्रश्नावली

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी भाषाशास्त्रात एम.ए. करत होते. लघुप्रबंधाचा विषय होता, ऐकीव गोष्ट खरी कशी होते. घर नाशिकच्या सातपूरला, कारखान्यांच्या वस्तीत, त्यामुळे अफवेसाठी लांब जावं लागलं नाही.

कारखान्यांजवळच्या बसथांब्यावर पेठ तालुक्याकडच्या एक मावशी भाकरी-पिठलं विकायच्या. एकदा शेजारचे काका म्हणाले, "मावशींचं पिठलं खाऊन कोणीतरी आजारी पडलं म्हणे." मी लगेच वही काढली. मराठीतला हा ‘म्हणे’ मोठा सोयीचा. वाक्य आपलं, जबाबदारी दुसऱ्याची.

मी प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढल्या आणि पाळी सुटताना थांब्यावर वाटल्या. पहिला प्रश्न होता, ‘मावशींचं पिठलं खाऊन माणूस आजारी पडला, हे तुम्हाला कोणाकडून कळलं?’ बहुतेकांनी सांगितलं, "आत्ता तुमच्याकडूनच." मी ‘इतर’ या रकान्यात खूण केली.

आठवड्याने काका म्हणाले, "तो माणूस दवाखान्यात आहे." ‘म्हणे’ गळला होता. मला फार आनंद झाला. त्याच सुमारास मावशींची पाटी भरलेलीच परत जाऊ लागली.

मार्गदर्शक सरांनी प्रश्नावली वाचली. "यात तुम्ही विचारत नाही आहात, सांगताय. किती जणांना दिलीत?"

"सगळ्यांना, सर."

मी थांब्यावर जाऊन सांगू लागले की पिठल्यात काही नाही. "मग मुद्दाम सांगताय कशाला?" एकाने विचारलं. शेवटी मावशींसमोर बसून सगळं कबूल केलं.

"म्हंजी तू लिवून वाटलंस?"

"हो, मावशी."

"लय शिकलीस," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पाटीपाशी न थांबता पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला त्या अडवू लागल्या. "आजारी कोन हाय? भेटाया जाते मी त्याला." याने त्याचं नाव सांगितलं, त्याने तिसऱ्याचं. तीन दिवसांत त्या एका फिटरपाशी पोचल्या. तो ठणठणीत होता. नांदगावला मेव्हण्याच्या लग्नाला जायचं म्हणून त्याने साहेबांना पोट बिघडल्याचं सांगितलं होतं. काय खाल्लं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तोंडून मावशींच्या पिठल्याचं नाव निघालं.

मावशींनी त्याला आठवडाभर पाळी सुटताना पाटीशेजारी बसवून जेवायला लावलं. तो खाली मान घालून जेवला. गिऱ्हाईक हळूहळू परतलं.

हे प्रबंधात लिहू का, असं मी मावशींना विचारलं. "लिव," त्या म्हणाल्या. "पन कोनाला पुसत फिरू नको."

काका मात्र पुढे कधीच तिथे जेवले नाहीत. फिटरची हकीकत मी त्यांना दोनदा सांगितली. त्यांनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते असेल गं. पण काहीतरी झालं होतं ना तिथे?"