ओडेसाने ड्रम उघडला

शिकागोच्या दक्षिण भागात ओडेसा ट्रिम्बल जुने स्नेअर ड्रम, म्हणजे तळाला तारा ताणलेले छोटे ड्रम, दुरुस्त करायची. शाळांनी टाकून दिलेले, पन्नास-साठ वर्षांचे, पोरांनी बडवून पोचे पाडलेले. ती गंज घासायची, तळाच्या तारा बदलायची आणि चाळीस डॉलरला विकायची. घेणारे चर्चमध्ये वाजवणारे, दिवसा बस चालवणारे. त्या स्वस्त ड्रमांचा कोरडा कडकडाट नव्या महागड्या वाद्यांत सापडत नाही, आणि तो हातावर पोट असलेल्यांना परवडतो, याचा तिला ताठा होता.

म्हणून मार्चमध्ये ग्रेडी हॉलंबेक येऊन म्हणाला, "मिस ओडेसा, आमच्या गावच्या शाळेत पोरांना वाजवायला काही नाही हो," तेव्हा तिने सहा ड्रम प्रत्येकी तीस डॉलरलाच दिले.

ऑक्टोबरात वाद्यांच्या प्रदर्शनात तेच सहा ड्रम ग्रेडीच्या टेबलावर दिसले. पाटी होती: 'नामांकित स्टुडिओतले, १९६३. प्रत्येकी नऊशे.' तिची कानशिलं तापली.

"शाळा कुठंय रे तुझी?"

"हळू बोला ना, गिऱ्हाईक आहे," ग्रेडी दात काढत म्हणाला. "तुम्हाला पैसे मिळाले की नाही?"

"पैशाचं नाव काढू नकोस. पोरांच्या नावानं भीक मागितलीस माझ्याकडे!"

तिने पर्समधून ड्रमची चावी काढली आणि एक ड्रम पुढे ओढून स्क्रू सोडवायला लागली. ग्रेडीने हात घातला.

"हात लावून तर बघ," ती म्हणाली. त्याने हात मागे घेतला. भोवती माणसं जमली. शेवटी वरचा पडदा निघाला. आत लाकडावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'शाळेचा ड्रम. तारा नव्या. ओडेसा टी.' बाकीचे पाचही उघडून बघायला तिने चावी गिऱ्हाइकापुढे केली.

गिऱ्हाईक निघून गेलं. पण आयोजकांनी बाहेर काढलं ते ओडेसालाच. "आरडाओरडा चालणार नाही, बाई." ग्रेडीने पाटी उलटी केली आणि दुपारी दुसरी लावली, असं तिला नंतर कळलं.

तिचा राग आठवडाभर उतरला नाही. मग तिने दुकानाच्या दारात एक स्टूल ठेवलं. ड्रम हवा असेल त्याने आधी बसून वाजवायचं; घेणारा स्वतः वाजवणारा हवा, पुढे विकणारा नको. दोन व्यापारी स्टुलावर न बसताच शिव्या देत परत गेले. एका धुणीवालीने इतकं बेताल वाजवलं की ओडेसाने कपाळावर हात मारला, आणि उत्तमातला उत्तम ड्रम तिच्या हातात ठेवला.