बूट बाहेर काढावेत

माझ्या नवऱ्याला बुटांचं वेड. सिंगापुरात चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये जे रॅक आहे, त्यातले वरचे सगळे कप्पे त्याचे आणि खालच्या एकात मी आणि लेक दाटीवाटीनं. दर रविवारी सकाळी जुना पेपर पसरून हा पॉलिशला बसायचा. शेजारच्या चिनी आजी जाता-येता हसायच्या. त्यांना वाटायचं, बायकोनं कामाला लावलंय. मी कुठली लावतेय! मी बुटाला हात जरी लावला तरी ‘ब्रश असा फिरवतात का?’ म्हणून अंगावर यायचा.

या वेडाला कारण होतं. त्याच्या आजोबांना गावात पाटलाच्या दारावरून जाताना चपला काढून हातात धराव्या लागत. परभणीकडचं गाव, तिथला मे महिना म्हणजे काय विचारता. आजोबा स्वतः ते कधी बोलले नाहीत. सासऱ्यांनी याला सांगितलं, आणि यानं मला, लग्नाच्याही आधी, पुण्यात कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. म्हणाला, ‘मी पायातलं एकाच ठिकाणी काढतो. बुद्धापुढे. आणि तेही माझ्या मर्जीनं.’ मला तो मुलगा त्या दिवशी फार आवडला होता. आता तेच वाक्य आठवलं की डोकं फिरतं.

कारण त्याच वाक्यापायी त्याचा डावा पाय गेला.

त्या वर्षी लेक युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर राहायला गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठंतरी निघालो. बँकॉक. सिंगापूरहून इतकं जवळ, की लोक शनिवार-रविवारात उरकून येतात, पण आम्ही गेलोच नव्हतो. सुट्टी मिळाली की भारतात घरी पळायचं, दुसरं काही सुचायचंच नाही. एरवी आमचा दोघांचा प्रवास म्हणजे सकाळची एमआरटी. हा तांजोंग पगारला आपल्या ऑफिसात उतरायचा, मी पुढच्या स्टेशनला, रॅफल्स प्लेसला, बँकेत. तेवढ्यात किराण्याचं बोलून व्हायचं.

बँकॉकच्या राजवाड्याच्या दारात कपडे तपासत होते. आमच्या पुढच्या एका गोऱ्या माणसाला हाफ पँटवर हत्तीछाप लेंगा चढवायला लावला. आमचा गडी मात्र इस्त्रीचा शर्ट, फुल पँट आणि आरशासारखे तपकिरी बूट.

‘फिरायला आलायस की इंटरव्ह्यूला?’ मी म्हटलं.

‘राजाकडं चाललोय,’ म्हणाला.

आतल्या चौकात तो मुद्दाम टाच आपटत चालायला लागला. टॉक, टॉक, टॉक. लोक वळून बघायला लागले तशी मला लाज वाटली. मी त्याची बाही ओढली, तर हा खाली बघत म्हणाला, ‘आजोबांना ऐकवतोय. राजाच्या अंगणात नातू बूट घालून चाललाय.’ डोळे भरून आले माझे. पुढं भिंतीभर वानरसेना रंगवलेली दिसली, तेव्हा ‘ही मंडळी इथंही आधीच पोचलीत बघ,’ म्हणून त्यानंच मला हसवलं. इतक्या आनंदात मी त्याला क्वचित पाहिलाय. म्हणून तर त्या दिवसाची चीड येते.

राजवाड्याच्याच आवारात हिरव्या पाषाणाच्या बुद्धाचं देऊळ आहे. तिथं बूट काढले, आत सावलीत बसलो, तळवे मूर्तीकडे होऊ नयेत म्हणून पाय मागे दुमडून. काही झालं नाही. झालं ते दुपारी, नदी ओलांडून गेल्यावर. हॉटेलवाल्या बाईनं एक विहार सांगितला होता, फारशी गर्दी नसलेला. बाहेरच्या फाटकाशीच बूट काढायचे, आणि आत उघडं संगमरवरी अंगण, मधोमध सोनेरी स्तूप. भर दुपार. आत पाऊल टाकलं आणि मी किंचाळलेच. आई गं! तवा तापावा तशी फरशी तापलेली. एक चिंचोळी चटई टाकलेली होती, होते तेवढे पर्यटक तिच्यावर एकमेकांना ढकलत, टाचा उचलून नाचत होते.

हा चटईवरून उतरला. सावकाश, हात जोडून, स्तूपाला प्रदक्षिणा घालायला लागला. एक झाली, दुसरी सुरू केली.

‘अरे, भाजत नाही का तुला?’ मी चटईवरून ओरडले.

‘परभणीचे पाय आहेत हे. तुम्हा पुण्याच्या लोकांना काय कळणार!’

मला कौतुक वाटलं हो. मी फोटो काढला. मोबाइलमध्ये अजून आहे. मागं एक मुलगी एका पायावर उड्या मारतेय, तिची मैत्रीण तोंड वेडंवाकडं करून हसतेय, आणि पुढं हा, डोळे मिटून, अगदी शांत. लेक म्हणाली, डिलीट कर. मला नाही करवत.

संध्याकाळी हॉटेलवर यानं बूट-मोजे काढले आणि पाणी प्यायला टेबलापाशी गेला. फरशीवर पावलांचे ओले ठसे उमटले. मला वाटलं, पाय धुऊन आला. पाय धुतलेच नव्हते. मी त्याला पलंगावर बसवून तळवे बघितले. मोठाले फोड येऊन फुटलेले, कातडी सुटून मोज्याबरोबर गेलेली. डाव्याचं तर बघवत नव्हतं. आणि हा आरामात टीव्हीचा रिमोट शोधतोय.

‘बूट चावला असेल गं.’

‘बूट तळव्याला चावतो होय रे?’

औषधाच्या दुकानातून मलम आणि बँडेज आणलं. मी म्हटलं, उद्याचं विमान पकडू, परत जाऊ. हा ऐकेना. निजलेला बुद्ध राहिलाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी बँडेजवर मोजे चढवून मला तिथं घेऊन गेला. अवाढव्य सोनेरी मूर्ती, कुशीवर पहुडलेली, आणि टोकाला माणसाहून उंच तळवे, त्यांवर शिंपल्याचं बारीक काम. त्या तळव्यांपुढे हा कितीतरी वेळ उभा राहिला. बूट अर्थातच बाहेर. ‘काय पाय आहेत बघ,’ म्हणाला. मी दात-ओठ खात त्याच्या मोज्यांकडे बघत होते. डाव्या मोज्यावर पिवळा डाग पसरत होता.

परत आल्यावर सोमवारी हा ऑफिसला गेला! दुखतच नव्हतं ना, मग सुट्टी कशाला घ्यायची? त्याच आठवड्यात ताप भरला. खोलीत वास यायला लागला. मी आधी कचऱ्याच्या डब्यात शोधला तो वास. मग त्याचं बँडेज सोडलं आणि टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलात एक नर्स आली, हातात नायलॉनचा बारीक धागा लावलेली काडी. त्याला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, तळव्याला लागलं की ‘येस’ म्हणा. तिनं उजव्या पायाच्या अंगठ्याला धागा टेकवला. धागा वाकला. मग बोटांच्या खाली टेकवला, मग टाचेला. हा गप्प. डोळे मिटून, परीक्षेतल्या मुलासारखा लक्ष देऊन बसलेला. ती सगळा तळवा फिरून आली, तेव्हा यानं विचारलं, ‘सुरू केलं का?’

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं, परभणीचे पाय वगैरे काही नव्हतं.

त्याला डायबिटीस होता हे मला माहीत होतं, गोळ्या मीच काढून द्यायची. पण पायातली जाणीव गेलीय, हे त्याला आधीच्याच वर्षी तपासणीत सांगितलं होतं. अनवाणी अजिबात चालू नका, तापलेल्या जमिनीवर तर नाहीच, असं बजावलं होतं. नर्सनं फाइल बघून विचारलं, तर म्हणाला, हो, सांगितलं होतं. माझ्यासमोर! मी बँकेत दिवसभर लोकांच्या थापा पकडते, आणि माझ्याच घरात हा वर्षभर गप्प.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू मला बूट घालून विहारात नेलं असतंस.’

‘नेलंच असतं! फरफटत नेलं असतं!’

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं पडदा ओढून घेतला.

आधी अंगठा गेला. मग बाकीची बोटं. दर वेळी वाटायचं, आता थांबेल. पाय वाचवायचाय, असं डॉक्टरही म्हणायचे, मीही म्हणायची, आणि फोनवर लोकांना सांगताना माझा आवाज इतका ठणठणीत असायचा की मलाच नवल वाटायचं. मग एका सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि आपल्या पोटरीवर हाताची कड ठेवून दाखवलं, इथून. मी मान हलवली. काय करणार होते? पाय ठेवला असता तर माणूस गेला असता.

लेक होस्टेलवरून आली, पलंगाशी उभी राहिली. ‘पप्पा, यू ऑलरेडी नो, व्हाय लाइक दॅट?’ एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली. तो तिची समजूत काढायला लागला. मराठीत, विनोद करून. आता पॉलिश अर्ध्यावर आलं म्हणे. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं.

आता त्याला कृत्रिम पाय आहे. तो बुटाच्या टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो. बूट काढला तर माणूस मागं कलंडतो. म्हणजे त्या पायातला बूट कायमचाच. आणि उजव्या पायाबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, तोही त्याच वाटेवर आहे, घरातसुद्धा अनवाणी नाही. आमच्या घरात स्वयंपाकघरापर्यंत बूट, माझ्या आईनं बघितलं असतं तर! रोज सकाळी मी त्याचा तळवा मांडीवर घेऊन बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. बुटात आधी माझा हात घालून चाचपते, खडा नाही ना, शिवण उसवली नाही ना. मगच त्याचा पाय आत. तो छताकडे बघत बसतो.

यंदा वैशाख पौर्णिमेला आपली मराठी मंडळी इथल्याच एका थाई विहारात जमणार होती. हा पाय बसवल्यानंतर त्याचं पहिल्यांदाच जाणं. त्यानं आदल्या दिवशी दोन्ही बूट पॉलिश केले. दाराशी चपलांचा ढीग पडलेला, बाजूला एक बाक. मंडळातल्या एक बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही या हो तसेच. भन्तेजींना विचारलंय आम्ही. कुणी काही म्हणणार नाही.’

‘नाही, नाही,’ हा म्हणाला आणि बाकावर बसला. मला वाटलं, दम खातोय. तर हा वाकून उजव्या बुटाची लेस सोडायला लागला.

मी त्याचा हात धरला. ‘याला हात लावायचा नाही.’

‘सावली आहे इथं. फरशी गार आहे.’

‘तुला कसं कळलं गार आहे ते?’

माझा तोल गेला. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं, त्या बाईंच्या देखत. ‘तुझ्या आजोबांनी धाकानं काढल्या चपला. तू कुणाच्या धाकानं काढतोयस? सांग ना! त्यांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत शाबूत होते. एवढं सोसून त्यांनी ते जपले, आणि तू काय केलंस?’

बाई हळूच आत गेल्या. त्यानं लेस परत बांधली. नीट, दुहेरी गाठ मारून. पण आत काही आला नाही. ‘तू जा,’ म्हणाला. मी कशाला जाते? चपला काढलेल्या होत्या माझ्या, तशीच त्याच्या शेजारी बसले. आत त्रिशरण सुरू झालं. त्यानं बाहेरून हात जोडले आणि म्हटलं, सगळं, शेवटपर्यंत. मी ओठसुद्धा हलवले नाहीत. माझं कुणाशीच धड नव्हतं त्या दिवशी.

म्हणून झाल्यावर तो अवघडून हलला. पुन्हा हलला. कपाळाला घाम.

‘काय होतंय?’

‘भाजतंय गं.’

‘कुठं?’

‘तळव्याला.’ त्यानं बोट दाखवलं. डाव्या. ‘मधूनमधून होतं असं. डॉक्टर म्हणतात, पाय गेला तरी डोक्याला तो आहेसं वाटतं. जाऊ दे.’ मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, ‘बघ ना, फरशी तापलीय का?’

मी वाकून तळहात टेकवला. फरशी गार होती.

‘तापलीय,’ मी म्हटलं, आणि त्याचा तो पाय बुटासकट उचलून मांडीवर घेतला.