साडूंच्या पाखरांची हवा

हिंगोली जिल्ह्यात पाखरं पाळणारी माणसं पुष्कळ असतील, पण पाखरं मोकळी सोडून माणसांना कोंडून घालणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नातं आडवं आलं म्हणून, नाहीतर मी त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नसतं! त्यांच्याकडे बोटाएवढी, लाल चोचीची फिंच पाखरं होती, तीन जोड्या. दुपारचे चार वाजले की साडू बैठकीची दारं-खिडक्या लावत, आरशावर टॉवेल टाकत, पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी मारत आणि मग पिंजरा उघडत. पाखरं पडद्याच्या दांडीवरून टीव्हीवर, टीव्हीवरून देवाच्या फोटोवर तासभर हिंडत. आत असेल त्यानं तोवर आतच राहायचं. मे महिन्यात, तापलेल्या स्लॅबखाली! मी पंख्याकडे नुसतं पाहिलं तरी म्हणत, "पात्याचा फटका बसला तर लेकरू जाईल माझं." मी उकडून गेलो असतो तर चाललं असतं! एकदा एक पाखरू माझ्या टकलावर येऊन बसलं. साडू कुजबुजले, "हलू नका. त्याचा भरोसा बसून राहिला तुमच्यावर." त्याचा भरोसा बसेपर्यंत माझी औंढ्याची बस निघून गेली.

बरं, मोकळीक एवढी प्यारी, तर उडवून द्यावीत की नाही? तसं म्हटलं की अंगावर यायचे. "पिंजऱ्यात जन्मलेली लेकरं हायेत ती. बाहेर कावळे दोन दिस जगू द्यायचे न्हाईत. पर म्हणून जन्मभर कोंडून ठेवायची व्हय? देवानं पंख काय शोभेला दिले?" सकाळी कोवळ्या उन्हासाठी पिंजरा गच्चीवर जाई आणि साडू मांजराच्या धास्तीनं काठी घेऊन शेजारी बसत. एकदा शेजारीणबाईंनी सहज विचारलं, "भाऊ, तारेवर एवढ्या चिमण्या फुकट बसतात, तुमी विकतच्या काहून आणल्या?" त्यांच्याशी साडू वर्षभर बोलले नाहीत. हवापालटासाठी म्हणून त्यांनी पाखरं सिद्धेश्वरच्या धरणावर नेली, ती मोटारसायकलवर, आणि मागं पिंजरा मांडीवर घेऊन मी. येताना पाखरांच्या दाण्यासाठी राळं घ्यायला म्हणून जवळा बाजारला वाट वाकडी केली. नेमका बाजाराचा दिवस. साडू राळं पारखत राहिले आणि इकडे येणारा-जाणारा मला, निवृत्त मुख्याध्यापकाला, विचारू लागला, "जोडी कशी दिली?" एक आजीबाई तर घासाघीस करायला समोर बसल्याच.

मेहुणी वारल्यापासून मुलगा पुण्याला बोलावत होता, पण साडू दाद देत नव्हते. यंदा उन्हाळ्यात चक्कर येऊन पायरीवर पडले, कपाळ फुटलं, तेव्हा मुलानं हट्टच धरला. सुनेला पिसांची ॲलर्जी, त्यामुळे पाखरं नेण्याचा प्रश्नच नव्हता. झालं! साडूंनी त्यांच्यासाठी घर शोधायला घेतलं, आणि थाट असा की लेकीसाठी स्थळच बघताहेत. गाडीवर मागं अर्थातच मी. पुसेगावच्या भाच्याकडे खोली बुटकी निघाली. औंढ्याच्या मित्राकडे बोका होता. "गरीब हाय हो, फक्त दूध पितो," असं मित्र शपथेवर सांगत राहिला, पण साडू चहा न घेता उठले. एका डॉक्टरांकडे सगळं जुळत आलं होतं. निघताना ते बोलून गेले, "पिंजरा झकास आहे. सोडायची काय गरज?" तिथंच मोडलं.

जायला चार दिवस उरले. साऱ्या गावाला विचारून झालं, मला मात्र एका शब्दानं नाही! मला ते फार लागलं. शेवटी भडकलोच. "साडू, इतकी वर्षं तुमच्या घरी बसून घाम गाळला. मी काय मेलो होतो?"

ते खाली बघत म्हणाले, "तुमी न्हाई म्हणाले नसते, मला मालूम हाय. अन् तुमाला किती तकलीफ होते तेबी मालूम हाय. म्हणून विचारलं न्हाई."

आता असल्या माणसावर रागवावं तरी कसं? त्याच संध्याकाळी पिंजरा आमच्या घरी आला.

तेव्हापासून रोज चारला पुण्याहून फोन. माझी तब्येत कशी, बायकोचे गुडघे कसे, काही नाही. "सोडली का पाखरं?" मग मी फोन टीव्हीपाशी ठेवायचा, त्यांनी चिवचिव ऐकायची आणि आम्ही नवरा-बायकोनं घाम पुसत बसायचं. दूर जाऊनही छळायचं कसं, ते या गृहस्थाकडून शिकावं.

परवा मीच विचारलं, "पाखरांचं राहू द्या. तुमचं कसं चाललंय? फिरायला जाता की नाही?"

"न्हाई. पडलो तवापासून एकट्याला खाली सोडत न्हाईत. दोघं कामावर जातात, जाताना बाहेरून कुलूप लावतात. लेकरं चांगली हायेत हो, काळजीनंच करतात. रविवारी नेतात की बागेत." आणि लगेच, "पाखरं कुठं बसली आता?"

एक माझ्या खांद्यावरच होतं. जन्मभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्या माणसासाठी जीव असा तुटेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "साडू, इकडं या. आमच्याकडे राहा. रोज संध्याकाळी दोघं हिंडायला जाऊ. चक्कर आली तर मी आहे धरायला."



"पोराला वाईट वाटंल हो," ते म्हणाले.

मी फोन टीव्हीपाशी नेऊन धरला. पाखरं आपली खोलीभर चिवचिवत होती. फोन मात्र त्यांनीही ठेवला नाही आणि मीही.