टॉवेलातला लंबक

“धरा त्याला, घड्याळ चोरलं!” अशी बोंब मी ठोकली की पार मनमाडला रेल्वे थांबली असेल. नव्वदच्या दशकात निफाडकडच्या एका बाजारगावी एसटी बदलायला उतरलो, तर मंडईच्या डोक्यावर हे जुनं टॉवरचं घड्याळ! मी मान मोडेस्तोवर बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते संध्याकाळी सहाला बंद पडलं. पाठोपाठ टॉवरच्या दारातून एक म्हातारा निघाला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड सायकलला बांधू लागला. माझ्या बोंबेसरशी सगळा बाजार जमला. टॉवेल सोडला, तर आत परातीएवढा पितळी लंबक, चिंचेनं घासून लखलखीत! “बघा!” मी गरजलो. कुणी हललंसुद्धा नाही. “घड्याळाला चावी देणारा बाबा हा, रोजच नेतो घरी,” भाजीवाली म्हणाली, “मागं भंगारवाल्यानं टॉवरची घंटा पळवली ना!” म्हातारा मात्र माझ्याकडेच रोखून बघत होता. “पाव्हणं, तुमची पिशवी दाखवा.” आत पाना-पक्कड नाही, याची त्यानं दोनदा खात्री केली. आजही घरी चिंचेनं पितळ घासलं की माझा हात आपसूक पिशवीकडे जातो. “अहो, पण मग रात्रभर घड्याळ बंद?” मी विचारलं होतं. टॉवेलाची गाठ आवळत तो म्हणाला, “रात्री कोण बघतंय?”