मैदानाकडे पाठ

माझ्या साळ्याइतका खेळाचा वेडा माणूस नांदुऱ्यात दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतक्या कमी मॅची कोणी पाहिल्याही नसतील. पोट्ट्यांची टीम त्यानंच उभी केली, गावोगाव नेली, आणि मॅच सुरू झाली की हा बाबा मैदानाकडे पाठ करून बसायचा. येडा आहे, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो, इथंही लिहितो. चार बुकं शिकलेला माणूस मी, गोड लिहिता येत नाही. माझी मंडळी जाऊन वर्ष होत आलं. हा तिचा धाकटा भाऊ. तिच्याबद्दल लिहायला बसलं की हात थांबतो, म्हणून याच्याबद्दल लिहितो.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. शाळेत बाहेरगावचे एक ड्रिलमास्तर आले आणि त्यांनी सॉफ्टबॉल आणला. बेसबॉलचा धाकटा भाऊच म्हणा. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं गोल दांडक्यानं टोलवायचा, आणि चार कोपऱ्यांवरच्या चार गाद्या शिवत फिरून यायचं, की झाला एक रन. गादीवर चेंडू आधी पोचला तर आउट. म्हणून पोरं शेवटी पाय पुढं करून जमिनीवरून घसरत गादी गाठतात. मास्तरांची बदली झाली. जाताना ते दांडकं, चेंडू आणि अर्धे नियम साळ्याच्या हवाली करून गेले. उरलेले अर्धे यानं कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत स्वतःच बनवले. ते ऐकून मलकापूरच्या पंचांनी पुढं कपाळाला हात लावला, पण ते सोडा.

साळा कापसाच्या जिनात कामाला. मशीनमधून रुई एकीकडं निघायची, सरकी, म्हणजे कापसाचं बी, दुसरीकडं. सरकीचा हा मोठा ढीग अंगणात पडलेला असायचा. त्यात पडलं तरी लागत नाही, म्हणून यानं पोट्ट्यांना घसरायला तिथंच शिकवलं. संध्याकाळी पोट्टे घरी निघाले की त्यांच्या चड्ड्यांतून सरकी गळायची आणि वासानं गावच्या म्हशी मागं लागायच्या. गाद्या माझ्या मंडळीनं शिवल्या, बारदानाच्या, आत सरकीच भरलेली. एकदा ऐन खेळात एका म्हशीनं दुसरी गादी फाडून खायला घेतली. धावणारा पोट्टा रडकुंडीला आला, "मामा, आता थांबू कुठं?" साळा ओरडला, "म्हशीले हात लाव बे! आज थेच दुसरी गादी!" पोट्ट्यानं लावला. म्हैस जागची हलली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच्या गळ्यात सदा शिट्टी. जेवताना, देवळात, मयतीलासुद्धा. चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आंतरपाट जरा खाली आला तशी यानं सवयीनं फुंकली. वाजंत्रीवाल्यांना वाटलं हाच इशारा, भटजींच्या आधी ते सुरू झाले. माझ्या मंडळीनं भर मांडवात त्याचा कान धरला. "नवरा नवरी पळून राह्यले काय रे, शिट्टी मारून राह्यला तू?" हा बहिणीला म्हणतो, "बाई, हात आपोआप जाते वं."

पाठ करण्याचं कारण असं. पहिली मॅच यानं टक लावून पाहिली, टीम हरली. दुसरीत हा मधेच आडोशाला लघवीला गेला, तेवढ्यात पोट्ट्यांनी रनांचा ढीग लावला. तिथून त्यानं मनाशी ठरवलं, आपण बघितलं की आपली बाजू पडते. मी म्हटलं, "लेका, मंग मूतत राहाय ना जलमभर." त्याला राग आला नाही. विचारात पडला.

त्या वर्षी मात्र गळ्याशी आलं. जिनाचे दिवाणजी तुडवलेल्या सरकीला कावले होते. साळ्याला बोलावून म्हणाले, "यंदा मलकापूरची शील्ड आन, नाही तं उद्यापासून माह्या सरकीत एक पोट्टा दिसला नाही पाहिजे." गावात बाकी सगळी जागा दगडगोट्यांची. जिनाचं अंगण गेलं की टीम संपली. पोट्टे एकेक मॅच जिंकत फायनलला पोचले, आणि याची भाकर सुटली. फायनलच्या सकाळी येऊन आमच्या उंबऱ्यात बसला.

"बाई, तू चाल. मी पाठ करून बसीन, तू मले सांग."

"मले काय समजते रे त्यातलं?"

"समजाचं काम नाही. दिसते तेवढं सांग."

ती आयुष्यात कधी मैदानावर गेली नव्हती. डोईवर पदर घेऊन पॅसेंजरनं मलकापूरला आली. हा मैदानाकाठच्या कडुलिंबाकडं तोंड करून बसला, ती मैदानाकडं, दोघांची पाठ पाठीला टेकलेली. मी बाजूला. मी सांगू लागलो तर हा म्हणे, "तुमी चूप राहा भाऊजी, तुमी लय कमी बोलता."

शेवटची पाळी. दोन्हीकडं सारखे रन. आपला एक पोट्टा तिसऱ्या गादीवर. टोला बसला आणि तो सुटला.

"पळून राह्यला, पळून राह्यला... पडला वं माय, पडला!"

"पडला नाही, घसरला आसंल. पंचाचा हात सांग!"

"त्याचं ढोपर फुटलं रे! रगत निंगालं!"

"ढोपर जाऊ दे बाई! हात! आंगठा वर करून आउट देला काय?"

"तुले काही दयामाया हाय का नाही? लेकराचं सालटं निंगालं अन् तू हात इचारून राह्यला!" मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "थो पांढऱ्या टोपीवाला दोन्ही हात पसरून राह्यला. काहीच नाही उरलं म्हनते वाटते बिचारा."

"दोन्ही पसरले?" साळा उठून उभा राहिला. "बाई, दोन्ही? म्हंजे वाचला वं! आपन जितलो!" तरी त्यानं मैदानाकडं पाहिलं नाही. बहिणीच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. ती मात्र पोट्ट्याच्या ढोपराला लावायला हळद कुठं मिळंल, ते विचारत मैदानभर फिरली.

अंगण राहिलं. दिवाणजी शील्ड जिनात लावू म्हणाले, साळ्यानं ती आमच्या घरी आणून टांगली. म्हणे, मॅच बाईनं पाहिली.

त्याला आता लय वर्षं झाली. गेल्या साली तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा हा व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून बसला. आत आला नाही. दवाखान्यातले लोक हसले. मी हसलो नाही. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. पाठमोरा राहूनच त्यानं विचारलं, "भाऊजी, काय झालं?" मी हाताचं सांगितलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "ऊठ."

तिचं तेरावं झाल्यावर त्यानं शिट्टी काढून खुंटीला लावली. पोट्टे दारात येऊन परत जायचे. या हिवाळ्यात मीच ती शिट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि त्याला मलकापूरला मॅचला घेऊन गेलो. लिंब आहे तिथंच आहे. तो झाडाकडं तोंड करून बसला, मी त्याच्या पाठीला पाठ लावून. एक पोट्टा गादीकडं धावत सुटला. "पळून राह्यला," मी म्हटलं.

"असं नाही, भाऊजी. बाईवानी सांगा."

पोट्टा घसरला. आणि मी म्हातारा माणूस चारचौघांत ओरडलो, "पडला वं माय, पडला!" लोक वळून बघायला लागले.

"हात सांगा," तो म्हणाला. "भाऊजी, हात."

हात मला दिसलेच नाहीत. मी त्या पोट्ट्याचं ढोपर बघत होतो.